कड सहा मिलीमीटरची, टेबल तीन मिलीमीटरचं

हातात धरायचा बँड सॉ (पट्ट्यासारखं गोल फिरणारं पातं असलेली विजेवरची करवत) भिंतीवर टांगून वापरण्यासाठी तयार ‘वॉल माउंट किट’ मागवणार असाल, तर पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे एक फोटो मागा. टेबलातल्या ज्या चिरेतून पातं जातं ना, त्या चिरेचा, आतल्या बाजूने, अगदी जवळून. टाळाटाळ झाली की पुढे बोलूच नका. मला ज्याने गंडवलं त्याच्या जाहिरातीत फोटोंची रेलचेल होती, पण चीर एकातही धड दिसत नव्हती. प्रत्येक फोटोत नेमका तिथेच सॉ बसवलेला.

ज्यांनी हे प्रकरण वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोर्टेबल बँड सॉने एरवी आपण काम वाइसमध्ये पकडतो आणि मशीन त्यावर सोडतो. छोटे तुकडे, वळणदार काप, कोपऱ्यातली खाच असलं काही करायचं तर उलटं सोयीचं पडतं: मशीन जागेवर, काम हातात. त्यासाठी मशीन उभं टांगायचं. पुढचा आडवा थांबा काढायचा आणि त्याच स्क्रूंवर चीर पाडलेली प्लेट बसवायची, ती झाली टेबल. पातं टेबलाच्या दिशेने खाली धावतं, त्यामुळे काम उडत नाही, उलट टेबलावर दाबलेलं राहतं. मोठ्या कापाच्या सॉचं वजन साधारण सहा-सात किलो, पातं ११४० मि.मी. लांब, जेमतेम अर्धा मिलीमीटर जाड. रचना इतकी साधी आहे की फसवायला जागा कुठे असणार, असं वाटतं. जागा भरपूर आहे.

जाहिरातीतले दावे असे: ६ मि.मी. लोखंडी प्लेट, पूर्ण वेल्डिंग, ५० किलो भारक्षमता, बायमेटल पातं (म्हणजे दातांच्या टोकांना वेगळा, कठीण धातू), सेफ्टी स्विच. मी आधीच विचारलं होतं की प्लेट खरंच सहाची आहे का. पाचव्या मिनिटाला फोटो हजर. जाडी मोजायच्या व्हर्नियरचे जबडे टेबलाच्या कडेवर, आकडा ६.१. खाली मेसेज, ‘सर, आम्ही मालात तडजोड करत नाही.’

तो फोटो खरा होता. कड खरोखरच सहाची होती. खोटं होतं ते बाकीचं टेबल.

ब्रॅकेट भिंतीवर चढवून पहिल्यांदा जाड अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) कापला तेव्हा काप तिरका आला. पातं सैल असेल, पात्याला सरळ धरणाऱ्या गाइडची बेअरिंग सरकली असतील, म्हणून ते सगळं तपासलं. सगळं ठाकठीक. मग मशीन बंद करून टेबलाच्या मधोमध अंगठ्याने दाबलं, तर पत्रा चक्क खाली गेला आणि अंगठा काढल्यावर टक् करून वर आला. सहा मिलीमीटरची तेवढीशी प्लेट अंगठ्याला दाद देत नाही. व्हर्नियर घेऊन चिरेत शिरलो. तोंडापाशी सहा. बोटभर आत गेल्यावर तीन.

काय केलं होतं ते रंग खरवडल्यावर कळलं. टेबल ३ मि.मी.च्या पत्र्याचं. त्याच्या खालून चारही कडांना त्याच जाडीची दोन सेंटीमीटर रुंद पट्टी टाचलेली. सांध्यात पुट्टी भरून, घासून, वर काळं पावडर कोटिंग. बाहेरून कुठेही मोजा, सहाच भरणार. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच, फक्त इथे वासा मुद्दाम पोकळ ठेवलेला.

जाडी निम्मी म्हणजे ताकद निम्मी, असं कुणाला वाटेल. तसं नाही. सपाट प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे जाडी निम्मी झाली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. विक्रेत्याने पट्ट्या धरून साधारण एक तृतीयांश लोखंड वाचवलं आणि माझ्या टेबलाचा जवळजवळ सगळा कणा काढून घेतला.

हे घरबसल्या पकडायचा साधा उपाय म्हणजे वजनकाटा. एक चौरस मीटर लोखंडी पत्र्याचं वजन दर मिलीमीटर जाडीला ७.८५ किलो. माझं टेबल ३०० बाय २५० मि.मी. चं, म्हणजे सहाच्या प्लेटचं वजन साडेतीन किलो हवं. काट्यावर भरलं सव्वादोनच्या आसपास, तेही पट्ट्यांसकट. हे जाहिरातीवरून ओळखू येऊ नये याचीही तजवीज होती. तिथे दिलेलं ‘एकूण वजन’ आणि पार्सलचं वजन अगदी जुळत होतं, कारण ब्रॅकेटच्या मागे एक जाडजूड लाकडी ठोकळा बांधून आला होता. वाहतुकीत वाकू नये म्हणून म्हणे! तेव्हा वजन विचाराल तर नुसत्या टेबलाचं विचारा, आणि लांबी-रुंदीही लेखी घ्या. गुणाकार आपला आपण करता येतो.

पुट्टी दिसल्यावर वेल्डिंगवरचाही विश्वास उडाला. ब्रॅकेटच्या कोनात दोन तिकोनी आधार होते. फोटोत त्यांच्या मुळाशी छान भरीव वेल्डिंग दिसत होतं. त्यावर कानस मारली. खाली चकचकीत धातू लागायला हवा, इथे राखाडी भुकटी निघायला लागली. नख लावलं तर थर पोपडा होऊन सुटला. आत प्रत्येक आधाराला दोन टाके, बस्स. कानस मारायची नसेल तर छोटा लोहचुंबक वेल्डिंगच्या रेघेवर फिरवा. भरीव वेल्डिंगवर तो घट्ट चिकटतो, पुट्टीवर लुळा पडतो. रंगाच्या पातळ थराने फारसा फरक पडत नाही.

आता त्या ५० किलोंबद्दल, कारण हा आकडा अनेक जाहिरातींत असतो आणि तो नेमका कशाचा आहे ते कुणी सांगत नाही. ब्रॅकेटवर भिंतीला चिकटून वजन टांगलं, तर बहुतेक काहीही ५० किलो पेलेल. पण सॉ भिंतीपासून पुढे आलेला असतो, त्यावर कापायचा पाइप असतो आणि वरून आपला हात दाबत असतो. समजा मशीन, काम आणि हाताचा दाब मिळून २० किलोचा भार भिंतीपासून ३०० मि.मी. वर पडला. वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर १०० मि.मी. असेल, तर वरच्या बोल्टांना भिंतीतून उपटणारी ओढ साधारण ६० किलोची होते. तेच अंतर २०० मि.मी. केलं की ३० किलो. म्हणून विचारायचं ते मागच्या प्लेटची उंची आणि बोल्टमधलं अंतर. भारक्षमतेच्या आकड्याने पोट भरत नाही. माझ्या किटची मागची प्लेट तळहाताएवढी होती. आणि सोबत काय, तर प्लास्टिकचे गट्टू आणि लाकडाचे स्क्रू. नुसता भार असता तरी ते अपुरे होते, इथे तर सतत थरथर असते. भरीव काँक्रीटमध्ये धातूचे, भोकात फुगून घट्ट बसणारे अँकर फास्टनर लावा, आणि त्यांची खोली प्लास्टरच्या मागून मोजा, कारण प्लास्टर काही धरत नाही. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत फुगणारा फास्टनर भरवशाचा नाही. तिथे जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट) लागतो, नाहीतर आरपार बोल्ट.

पात्याबद्दल फार लिहीत नाही. त्यावरची ‘बायमेटल’ ही छपाई थिनरच्या बोळ्याने पुसली गेली, आणि खरवडून पाहिल्यावरही दातांच्या टोकांना वेगळ्या धातूची रेघ दिसली नाही. थोड्याच कापांत दात बोथट झाले. पातं नवं घेता येतं, सोडून द्या.

सोडून देता येत नाही तो ‘सेफ्टी स्विच’. पिशवीत एक साधा बटणवाला एक्स्टेन्शन बोर्ड होता आणि सोबत प्लास्टिकचे टाय. सूचनेत लिहिलेलं, की सॉचा ट्रिगर टायने आवळून कायम दाबलेला ठेवा आणि बोर्डाच्या बटणावरून मशीन चालवा. विचार करा, काम चालू असताना वीज गेली. आपण बटण तसंच ठेवून दुसऱ्या कामाला लागलो, आणि टेबलावर हात असताना वीज परत आली. पातं लगेच धावणार. ज्याला खरंच सेफ्टी स्विच म्हणावं तो वीज गेली की स्वतःच सुटतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. त्याच्या जोडीला पाय उचलताच मशीन थांबवणारा फूट स्विच असेल तर उत्तमच, कारण दोन्ही हात कामावर असताना बटण शोधायला तिसरा कुठून आणणार? पत्र्याच्या जाडीत मारलेली चोरी एक वेळ पैशांवर जाईल. ही बोटांवर जाते.

तक्रार केल्यावरचं नाटक आता तोंडपाठ झालं आहे. पहिल्या अंकात, ‘सर, तुमची भिंत ओळंब्यात नसेल.’ व्हर्नियरचे फोटो पाठवल्यावर, ‘सहा म्हणजे कडेची जाडी, तसं डिझाइन आहे.’ मग, ‘तुम्ही बसवून वापरलंय, आता परत कसं घेणार?’ गंमत म्हणजे न बसवता ते डुगडुगतं की नाही हे कळायचा मार्ग नाही. प्रत्येक उत्तराला मुद्दाम उशीर, म्हणजे परत पाठवायची मुदत आपोआप सरते. शेवटी थोडे पैसे परत द्यायची तयारी, पण अट अशी की आधी ‘तक्रार मिटली’ हे बटण दाबा. ते दाबलं असतं तर त्याने कानावर हात ठेवले असते. मी गप्पा थांबवल्या आणि थेट विक्री-संकेतस्थळाकडे गेलो.

तिथे लांबलचक पत्राचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो दोन फोटोंचा, शेजारी शेजारी लावलेल्या: एकात व्हर्नियर कडेवर, दुसऱ्यात तोच व्हर्नियर चिरेच्या आत, आणि दोन्हींत टेबलाचा तोच ओरखडा दिसतोय. सोबत काट्यावर ठेवलेलं टेबल आणि विक्रेत्याचा ‘तडजोड करत नाही’वाला मेसेज. किटचे पैसे परत आले. फास्टनर, पाठवणीचा खर्च आणि भिंतीतली भोकं माझ्या खात्यात.

विक्रेत्याचं पान काही दिवस गायब होतं. आता तोच माल वेगळ्या नावाने पुन्हा लागलाय. फोटो तेच आहेत. उजव्या तिकोनी आधाराच्या खाली रंगाचा एक ओघळ आहे, त्यावरून ओळखता येईल. ‘पूर्ण वेल्डिंग’ तसंच आहे, वजनाच्या आकड्यापुढे मात्र बारीक अक्षरात ‘पॅकिंगसह’ असं वाढवलंय. खाली कुणीतरी चिरेचा फोटो मागितलाय. त्याला उत्तर म्हणून पुन्हा कडेवरचा व्हर्नियरच पाठवलेला आहे, ६.१ वाला.