टर्बो पेट्रोलमध्ये इरिडियम प्लग: २५ हजार किमी चालवून मग लिहितोय

गाडी १.० लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, आत्ता ६३ हजार झालेत. एनजीके कंपनीचे इरिडियम स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे, टोकाला इरिडियम धातू असलेले) ३८ हजारला टाकले होते आणि गेल्या रविवारी तिन्ही काढून बघितले, म्हणून आता खात्रीने सांगू शकतो.

आधी ते का टाकावे लागले ते सांगतो. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो, चार माणसं, डिकी फुल्ल, एसी चालू, आणि खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जरा रेस दाबली की गाडी झटके मारायची. सपाट रोडला काही नाही, उभी असताना पण इंजिन एकदम शांत. वर पोचेपर्यंत चेक इंजिनचा लाईट लुकलुकायला लागला. बाबा म्हणाले पेट्रोलमध्ये पाणी असेल, मला पण तेच वाटलं. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर म्हणे प्लग अजून ड्यू नाहीत, इंजेक्टर क्लीनिंग करून घ्या. केलं, पैसे दिले, आणि तीन दिवसांनी कात्रजच्या चढाला परत तेच. फार राग आला खरं सांगतो, कारण प्लग काढून बघायला अर्धा तास लागतो आणि तेवढं सुद्धा कुणी केलं नाही.

मग घराजवळच्या गॅरेजमधल्या दादांकडे नेली. स्कॅनर लावला, कोड आला पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. त्यांनी एक आणि दोनच्या कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या) अदलाबदल केल्या आणि परत एक चक्कर मारली. कोड दोनवरच राहिला. तो एकवर गेला असता तर कॉइल खराब म्हणायची, नाही गेला म्हणून प्लग काढला. कंपनीचे साधे निकेलचे होते. माझ्या इंजिनला गॅप, म्हणजे ठिणगी पडते ते दोन टोकांमधलं अंतर, ०.७ मिमीच्या आसपास लागते, दादांनी फिलर गेज (अंतर मोजायच्या पट्ट्या) घातलं तर ०.९ ची पट्टी आरामात आत गेली. मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा पार झिजून गोल झालेल्या.

आता एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटेल, पण टर्बो हवा कोंबून भरतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबात ठिणगीला तीच गॅप पार करायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून लोड नसताना गाडी गुणी आणि घाटात मिसिंग. वर कॉइलला जास्त जोर लावायला लागतो, ती तापते, आणि प्लगच्या नादात कॉइल पण जाते. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच, त्यामुळे लाईट लुकलुकत असेल तर रेस दाबूच नका, सावकाश चालवत जवळचं गॅरेज गाठा.

तर इरिडियमचा अनुभव. टाकल्या दिवसापासून झटके बंद, पण ते नवीन साध्या प्लगनेही झाले असते, पिकअप वाढला वगैरे मी म्हणणार नाही. खरा फरक टिकण्यात आहे. २५ हजारनंतर काढले तर रंग फिकट बदामी, काजळी नाही, तेल नाही, आणि टोक जवळजवळ नव्यासारखं. किंमत साध्याच्या कितीतरी पट आहे हा एकच त्रास, तिन्ही मिळून अडीच हजाराच्या वर गेले.

किती किमीला बदलायचे तर आधी तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा बघा आणि टर्बोमध्ये त्याच्या पुढे एक किमी पण ढकलू नका. माझं मत विचाराल तर निकेलचे २५ हजारला बदलून मोकळं व्हा, इरिडियम ३० हजारला एकदा काढून बघा आणि ६० ला बदलाच, गॅप ठीक दिसली तरी. इरिडियम लाखभर जातो असं सगळे सांगतात, ते बिनटर्बोच्या इंजिनाला चालेल. रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) गाडी असेल किंवा रोज घाट असेल तर अजून लवकर.

बसवताना इंजिन पूर्ण थंड पाहिजे, प्लग ज्यात बसतो ते हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जबरदस्ती केली की आटे जातात. काढायच्या आधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारून घ्या, नाहीतर कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडतो. पहिले आटे हातानेच लावा, शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना). इरिडियमचं टोक फार बारीक आणि ठिसूळ असतं, गॅप सेट करायला ठोकाठोकी करू देऊ नका. हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो त्याचा नंबर) कंपनीने सांगितलेलीच घ्या. आणि डुप्लिकेट माल भरपूर फिरतो, मी अधिकृत डीलरच्या काउंटरवरून बिल घेऊनच घेतले.

जुना दोन नंबरचा प्लग गाडीच्या कप्प्यात ठेवलाय. परवा ऑफिसमधल्या एकाची टर्बो ४२ हजारला तसेच झटके मारत होती, त्याला तो नव्या प्लगशेजारी धरून दाखवला, दुसऱ्या दिवशी त्याने बदलून घेतले.