उरलेल्या गोळ्या मोजाव्यात की रक्ताच्या अहवालावर विसंबावे?

जत किंवा आटपाडीकडच्या गावातून पॅरासिटामॉलच्या जास्त गोळ्या घेतलेला रुग्ण सांगली-मिरजेला आणला जातो, तेव्हा किती औषध पोटात गेले हे ठरवण्याचे दोन मार्ग डॉक्टरांपुढे असतात: सोबत आणलेल्या स्ट्रिपवरून हिशेब करणे किंवा रक्तातील औषधाचे प्रमाण तपासणे.

पहिला मार्ग लगेच हाताशी असतो. स्ट्रिपच्या मागे छापलेली ताकद, ५०० की ६५० मिलिग्रॅम, आणि फोडलेली घरे पाहून जास्तीत जास्त किती औषध गेले असेल ते मांडता येते. शंका असेल तिथे वरचाच आकडा धरावा. मात्र घाबरलेला रुग्ण खरे सांगेलच असे नाही, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते हे घरच्यांच्या ध्यानीमनी नसते.

रक्ततपासणी अधिक भरवशाची. पण गोळ्या एकाच वेळी घेतलेल्या असतील आणि ती वेळ ठाऊक असेल, तरच तिचा आकडा वेळेनुसार धोका दाखवणाऱ्या ठरावीक आलेखावर नीट वाचता येतो. चार तासांच्या आत घेतलेला नमुना फसवा ठरतो. म्हणूनच गोळ्या घेतल्याची वेळ मला संख्येइतकीच मोलाची वाटते.

ॲसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या आठ तासांत सर्वाधिक गुणकारी असतो, त्यामुळे अहवालाला उशीर होणार असेल तर डॉक्टरांनी स्ट्रिपच्या हिशेबावर उपचार सुरू करणे योग्य. पहिल्या दिवशी रुग्ण ठणठणीत दिसू शकतो आणि यकृताची हानी नंतर उघड होते. तेव्हा घरी वाट न पाहता १०८ ला फोन करावा व सगळ्या स्ट्रिप, बाटल्या रुग्णासोबतच पाठवाव्यात.