बेसमेंटसाठी प्रोजेक्टर की ८५ इंची टीव्ही?

न्यू जर्सीत बेसमेंटवालं घर घेतलं की पहिल्या दिवाळीच्या आत होम थिएटरचा विषय निघतोच. मी दोन्ही करून बसलोय. आधी चार वर्षं प्रोजेक्टर आणि १२० इंची पडदा, आणि गेली दोन वर्षं त्याच भिंतीवर ८५ इंची टीव्ही. रिझोल्यूशन, एचडीआर वगैरे तुमचं वाचून झालंच असेल, त्यात शिरत नाही.

आधी प्रोजेक्टरची बाजू, कारण तो मला खरंच आवडायचा. १२० इंची पडद्याचं क्षेत्रफळ ८५ इंचीच्या जवळपास दुप्पट भरतं आणि ते बसल्या बसल्या जाणवतं. सोफा अकरा फुटांवर असेल तर टीव्ही पुरतो. पण मागे खुर्च्यांची दुसरी रांग टाकणार असाल, तर तिथून तो हॉलमधलाच टीव्ही वाटतो. शिवाय प्रोजेक्टर काखेत मारून खाली नेता येतो आणि पडदा गुंडाळलेला येतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात आमच्या बेसमेंटमध्ये घोटाभर पाणी आलं. गालिचा गेला, सबवूफर गेला, छताला टांगलेला प्रोजेक्टर मात्र ठणठणीत. (भिंतीवरचा टीव्हीही वाचला असता म्हणा.)

टीव्ही म्हटलं की सगळे जिन्याला घाबरतात. ते चूक नाही. आमचा जिना तीन फूट रुंद, खाली काटकोनात वळण आणि वळणावर डोक्याला लागेल असा डक्ट. ८५ इंची टीव्ही सव्वासहा फूट लांब आणि साडेतीन फूट उंच. खोकं तर सात फुटांच्या घरात. त्यामुळे माप टीव्हीचं नाही, खोक्याचं बघा. मी टीव्ही मागवायच्या आधी जुने पुठ्ठे चिकटपट्टीने जोडून तेवढं डबडं तयार केलं आणि मेहुण्याला घेऊन जिना उतरलो. वळणावर अडलंच. भिंतीवरचा कठडा स्क्रू काढून उतरवला, चारेक इंच मिळाले, तरी ते वळेना. मग ठरलं की टीव्ही वरच खोक्यातून काढायचा. आडवा झोपवून न्यायचा नाही, उभाच धरायचा. काचेवर बोट दाबायचं नाही, कडाच पकडायच्या. आईने शिवलेल्या गोधडीत गुंडाळून पुढे मी, मागे मेहुणा आणि खाली बायको "डावीकडे, अजून डावीकडे" करत उभी. पंचवीस मिनिटं लागली. पोचवणारे खालपर्यंत आणून देतात का, हे आधी विचारून ठेवा; आमचे दारातच ठेवून गेले होते.

पण हा त्रास एका सकाळचा. प्रोजेक्टरचा त्रास दर रविवारचा होता, आणि तो म्हणजे दिवे.

आयपीएलचा भारतातला साडेसातचा सामना इथे सकाळी दहाला सुरू होतो. तीन-चार घरं जमतात, पोहे होतात, पोरं एका कोपऱ्यात कॅरम मांडतात. अशात "दिवे घालवा रे" म्हणायचं कोणाला? अंधारात पोह्यांतली मिरची दिसत नाही. आणि उशिरा आलेल्याने जिन्यातला दिवा लावला की पडद्यावरचं हिरवं मैदान ताकासारखं दिसायला लागतं, चेंडू तर गायबच. छत सात फुटी, त्यामुळे कोणी उठलं की गोलंदाजाच्या अंगावर त्याची सावली. तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले, दोनदा अंधारात पायऱ्या चाचपत उतरले आणि तिसऱ्या सामन्याला वरच्या खोलीत टॅबलेट घेऊन बसले. विचारलं तर म्हणाले, "इथे बरं दिसतं." त्याच आठवड्यात मी पुठ्ठे गोळा करायला लागलो.

उजेडात चालणारे खास पडदे आणि भिंतीलगत ठेवायचे अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर आता मिळतात. मित्राकडे पाहिला, आमच्या जुन्यापेक्षा पुष्कळच बरा वाटला. सावलीचा प्रश्नही नाही. पण त्याच्याकडेही सामना रंगात आला की कोणीतरी उठून एक दिवा घालवतंच. तुमच्या घरी रात्री पोरं झोपल्यावर दोघांनीच सिनेमे बघायचे असतील, तर माझं ऐकू नका, प्रोजेक्टरच घ्या. काळ्या अंधारात त्या आकाराची मजा टीव्हीला नाही, हे मी आजही मान्य करतो.

आमच्याकडे आता दिवे चालू असतात आणि बाबा पहिल्या सोफ्यावर. घर बदललंच तर टीव्ही घरासोबत सोडायचा, असं मेहुण्याने आत्ताच बजावून ठेवलंय.