ओपन जिम की सावलीची पायवाट? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

गावाच्या तब्येतीसाठी निधी आला की ग्रामसभेत दोन मागण्या हमखास येतात. एक, चौकात ओपन जिम. दुसरी, शाळेपासून बसच्या फाट्यापर्यंत सावलीची पायवाट. आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या काळ्या मातीच्या गावांपुरतं विचाराल तर मी पायवाटेच्या बाजूचा आहे.

जिमची बाजूही खरी आहे. महिना-दोन महिन्यांत उभी राहते, जागा थोडी लागते, कुणाचं अतिक्रमण हटवावं लागत नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना डबल बार खरोखर कामाला येतो. पण शेजारच्या गावात दुसऱ्या पावसाळ्यातच सायकलचं पॅडल गेलं आणि ते अजून कुणी बसवलेलं नाही. मे महिन्यात सकाळी नऊनंतर लोखंडाला हात लावता येत नाही. पारावर माणसं बसलेली असताना बाया तिथं जातील ही आशाही सोडा.

बायांना चालायला मात्र कारण असतं: दळण, रेशन, अंगणवाडी, देऊळ. माझ्या काकूला शुगर आहे, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. ती पहाटे साडेपाचला डांबरी रस्त्याच्या कडेनं चालते आणि ट्रकचा उजेड दिसला की पदर आवरून बाभळीच्या काट्यांत उतरते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल सांगते, मुलांना रोज ६०. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. म्हणजे तेवढ्या लांबून येणाऱ्या पोराचा जाण्यायेण्यातच अर्धा तास होतो, निम्मं काम तिथंच झालं! पण जुलैत चपलेला किलोभर चिखल चिकटतो, म्हणून बाप गाडीवर सोडतो, आणि चिखल वाळला तरी ती सवय जात नाही.

पायवाटेत खरी मेहनत जमिनीखाली आहे. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट गट्टू बसवले की ते खालीवर होणारच. वरची माती काढून मुरूम भरा, दाबून घ्या, कडेला उताराची नाली ठेवा. रुंदी सहा फूट, म्हणजे दोघी बोलत बोलत शेजारी चालतील. वाट उत्तर-दक्षिण असेल तर कडुनिंब, करंज पश्चिमेच्या अंगाला लावा, दुपारनंतरची सावली वाटेवर पडेल.

तोटा वेळेचा आहे. सावली धरायला चार-पाच वर्षं जातात, तोवर शेळ्या आहेत. वाटेवरचे उकिरडे आणि उभ्या बंड्या हलवताना भांडणं होतील, मोजणीही करावी लागेल. गावातला रस्ता आधीच कोरडा आणि सावलीचा असेल, भरतीची पोरंही बरीच असतील, तर खुशाल जिम घ्या, फक्त ती शाळेजवळच्या झाडाखाली बसवा.

पायवाटेचा ठराव घेणार असाल तर पहिल्या दोन उन्हाळ्यांत कोणत्या झाडाला कोणत्या घरानं पाणी घालायचं, ती नावं त्याच बैठकीत लिहून घ्या. रोपांना बोरीच्या काट्यांचं कुंपणही त्याच दिवशी.