स्क्रीन धुरकट झाली म्हणून आलेल्या माणसाने चांगलं ग्राफिक्स कार्ड नेलं आणि बनावट बसवलं

कॉम्प्युटरची स्क्रीन अचानक धुरकट दिसायला लागली आणि कोणी येऊन बघून लगेच "ग्राफिक्स कार्ड गेलंय" असं सांगत असेल तर त्याला मशीन उघडू द्यायच्या आधी हे वाचा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरमधला स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग. आमच्या घरी हेच झालं. कार्ड गेलेलं नव्हतंच, आणि नवीन म्हणून जे बसवलं ते बऱ्याच वर्षांपूर्वीचं कार्ड निघालं, नुसतं नाव बदलून विकलेलं.

सुरुवात एका विंडोज अपडेटने झाली. अपडेट मध्येच अडकलं, मशीन परत चालू केली तर सगळं मोठंमोठं आणि पसरट, अक्षरांच्या कडा फाटल्यासारख्या, व्हिडिओ अडखळत चाललेले. मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे आणि सेटिंगमध्ये रिझोल्यूशन (चित्र किती ठिपक्यांचं आहे तो आकडा) दिसत होतं १०२४ बाय ७६८, ते बदलायला जावं तर पर्यायच करडा झालेला, क्लिकच होत नव्हता. माझं व्हिडिओ एडिटिंगचं काम याच मशीनवर चालतं, काम अंगावर होतं, म्हणून घरी येऊन रिपेअर करणाऱ्याला बोलावलं.

त्याने डिव्हाइस मॅनेजर (मशीनमधल्या भागांची विंडोजमधली यादी) उघडून मला दाखवलं की बघा मॅडम, इथे तुमच्या कार्डाचं नावच नाहीये, विंडोजला कार्ड दिसतच नाही, चिप मेली. आणि खरंच तिथे एनव्हीडियाचं, म्हणजे माझं कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं, नाव नव्हतं, "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर" असं लिहिलेलं होतं. ऐकणाऱ्याला हे अगदी पटतं, कारण समोर पुरावा दिसतोय ना. पण त्या नावाचा अर्थ एवढाच की कार्डाचा खरा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, लोड झालेला नाही आणि विंडोजने स्वतःचा साधा ड्रायव्हर लावून काम चालवलंय. हा साधा ड्रायव्हर चित्र दाखवण्यापुरताच असतो, बऱ्याचदा कमी रिझोल्यूशनवर अडकतो, मग मॉनिटर ते चित्र ताणून पूर्ण स्क्रीनभर पसरवतो आणि धुरकटपणा येतो तो त्यामुळे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मॉनिटरची केबल त्या कार्डातच लावलेली होती! चिप मेली असती तर त्या केबलमधून चित्र आलंच नसतं. हे त्या माणसाला माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही, कारण पुढे त्याने जे जे केलं त्याला बरीच माहिती लागते.

त्याच्याकडे बॅगेत "नवीन" कार्ड तयारच होतं. जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, तुमच्या जीटीएक्स ९६० पेक्षा मेमरी डबल, वगैरे वगैरे. चंदेरी पिशवीतलं सुटं कार्ड, पंख्यावर चकचकीत स्टिकर, सीरियल नंबर कुठेच नाही. बसवल्यावर त्याने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मशीनचं मूळ सेटिंग) जाऊन काहीतरी बदललं, स्वतःच्या पेनड्राइव्हवरून ड्रायव्हर टाकला, दोनतीनदा रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन एकदम स्वच्छ, १९२० बाय १०८०. साहजिकच वाटतं की माणूस बरोबर बोलत होता. डेस्कटॉपच्या उजव्या कोपऱ्यात खाली "टेस्ट मोड" अशी बारीक अक्षरं आली होती, त्याबद्दल विचारलं तर म्हणाला ते आपोआप जाईल. जाताना बजावून गेला की ड्रायव्हर अजिबात अपडेट करू नका, नवे ड्रायव्हर या मॉडेलला सूट होत नाहीत. आणि जुनं कार्ड उचललं, म्हणे घरात ठेवून काय करणार, मी ई-वेस्टमध्ये टाकतो. पैसे रोख घेतले, बिलावर हाताने "ग्राफिक कार्ड ४ जीबी" एवढंच, मॉडेल नाही.

ही सगळी वाक्यं मी मुद्दाम जशीच्या तशी देतेय कारण त्यातलं प्रत्येक वाक्य लपवाछपवीचा भाग होतं.

साधं ब्राउझिंग आणि छोट्या क्लिप ठीक चालत होत्या. मोठा प्रोजेक्ट उघडला की मात्र प्रीव्ह्यूमध्ये रंगीत चौकोन उमटायचे, चेहऱ्याच्या जागी हिरवे-गुलाबी पट्टे, मग स्क्रीन क्षणभर काळी आणि "डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं" असा मेसेज. म्हणजे आधी नुसतं धुरकट होतं, आता चित्रच फाटायला लागलं. त्याला फोन केला तर म्हणाला तुमचं एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) कमजोर आहे, ते पण बदलावं लागेल. इथे मला शंका आली आणि मी स्वतः शोधायला बसले.

डीएक्सडायग नावाचं टूल विंडोजमध्येच असतं, स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की उघडतं. त्यात डिस्प्लेच्या टॅबवर फीचर लेव्हल्स अशी एक ओळ असते, कार्डाला ग्राफिक्सच्या कुठल्या पातळीपर्यंतच्या सोयी येतात ते ती सांगते. खऱ्या १०५० टीआयला तिथे १२_१ पर्यंत आकडे दिसायला हवेत, माझ्याकडे गाडी ११_० लाच थांबलेली. मग टेकपॉवरअपच्या साइटवरून जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं टूल उतरवलं. हे फुकट आहे आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या २.१२.० व्हर्जनपासून ते बनावट एनव्हीडिया कार्डं ओळखतं. उघडल्या उघडल्या कार्डाच्या नावाच्या आधी कंसात "फेक" लिहून आलं! चिप कुठली तर जीएफ ११६. ही चिप २०११ सालच्या जीटीएक्स ५५० टीआयची, १९२ कोअरवाली (कोअर म्हणजे चिपमधले हिशोब करणारे छोटे भाग). खरं १०५० टीआय २०१६ मध्ये आलं, त्याची चिप जीपी १०७ आणि कोअर ७६८. नावात दोन्हीकडे "५० टीआय" आहे एवढंच काय ते साम्य.

हे करतात कसं, तर प्रत्येक ग्राफिक्स कार्डावर त्याची स्वतःची एक छोटी बायोसची चिप असते (मशीनच्या बायोसपेक्षा वेगळी), कार्डाचं नाव, मेमरी किती ही माहिती तिथून सांगितली जाते. जुन्या कार्डाच्या त्या चिपमध्ये दुसरी माहिती भरायची, वर नवा पंखा आणि स्टिकर लावायचा, झालं नवीन कार्ड. कॉम्प्युटर बिचारा जे सांगितलं ते दाखवतो. ४ जीबी असं लिहिलेलं येतं पण आत १ जीबीच असते, म्हणून काम हलकं असेपर्यंत काही कळत नाही आणि खरी मेमरी भरली की पुढचं चित्र ठेवायला जागाच नसते, मग ते चौकोन आणि पट्टे. एनव्हीडियाचा अस्सल ड्रायव्हर असलं कार्ड स्वीकारत नाही, म्हणून त्यांना फेरफार केलेला ड्रायव्हर टाकावा लागतो. तसा ड्रायव्हर विंडोज नेहमीच्या मोडमध्ये घेत नाही, म्हणून मशीनच्या बायोसमधला सिक्युअर बूट, म्हणजे चालू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम येऊ देणारा पहारा, बंद करायचा आणि विंडोज टेस्ट मोडमध्ये, म्हणजे खात्री न झालेले ड्रायव्हरही चालतात अशा मोडमध्ये, टाकायचं. कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं त्याचीच. आणि "ड्रायव्हर अपडेट करू नका" हे का सांगितलं तेही उघड आहे, कंपनीचा ड्रायव्हर टाकला की पितळ उघडं पडतं. शिवाय सिक्युअर बूट बंद आणि टेस्ट मोड चालू म्हणजे कुठलाही उपद्रवी ड्रायव्हर आत घुसायला दार उघडं, ज्या मशीनवरून मी बँकेचे व्यवहार करते तिथे हे करून ठेवलं होतं याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आला.

मशीन बंद करून, वायर काढून, कार्ड हातात घेऊन बघितलं तरी बरंच कळतं. माझ्यावाल्याच्या वरच्या कडेला सोनेरी दातांची एक छोटी पट्टी होती, दोन कार्डं जोडण्यासाठीची, एसएलआयची. १०५० टीआयला एसएलआयच नाही, त्यावर ती पट्टी असायचं कारण नाही. मागे निळं व्हीजीए पोर्टही होतं, म्हणजे अ‍ॅनालॉग सिग्नलवर चालणारी मॉनिटरची जुन्या पद्धतीची जोडणी, आणि या पिढीच्या एनव्हीडिया चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे व्हीजीए दिसलं की तिथेच थांबून प्रश्न विचारा.

जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि त्या पट्टीचा फोटो त्याला पाठवला आणि लिहिलं की जुनं कार्ड आणि पैसे दोन्ही परत हवेत, नाहीतर हेच घेऊन तक्रार करते. आधी म्हणाला कार्ड भंगारात गेलं. मग एका मुलाच्या हाती ते पाठवून दिलं. म्हणजे कुठेच टाकलेलं नव्हतं, पुढे विकायलाच ठेवलं असणार. पैसे दिले नाहीत आणि नंतर माझा नंबर ब्लॉक केला. मी हातबिल, पाठवलेले मेसेज, फोटो असं सगळं जोडून लेखी तक्रार दिली आहे, आणि ते बनावट कार्ड पुरावा म्हणून ठेवलंय.

जुनं जीटीएक्स ९६० परत बसवलं. सेफ मोडमध्ये (विंडोज अगदी मोजक्या गोष्टींवर चालू होतं तो मोड) डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं ड्रायव्हर पुसणारं टूल चालवून आधीचं सगळं साफ केलं, टेस्ट मोड बंद, सिक्युअर बूट चालू, एनव्हीडियाच्या साइटवरून ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट. स्क्रीन काचेसारखी स्वच्छ. "मेलेली" चिप तेव्हापासून मोठेमोठे प्रोजेक्ट ओढतेय, एकही पट्टा नाही.

त्या माणसाने तपासणी म्हणून जे करायला हवं होतं ते फार नव्हतं, आणि ते तुम्ही घरी स्वतः करू शकता. मॉनिटरचं बटण दाबून त्याचा मेनू उघडा, तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो. मेनू रेखीव आणि मागचं सगळं धुरकट असेल तर मॉनिटरचं पॅनल ठीक आहे, मेनूवरूनही रेघा जात असतील तर गडबड मॉनिटरमध्ये. चित्र फाटत असेल तर स्क्रीनशॉट काढून फोनवर बघा, त्यातही फाटलेलं असेल तर कार्ड किंवा ड्रायव्हर, स्वच्छ असेल तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. स्क्रीनशॉटचा आकार पण बघा, आमच्याकडे तो १०२४ बाय ७६८ निघाला असता आणि तिथेच उत्तर मिळालं असतं. मशीन चालू होताना, विंडोज यायच्या आधीच, बायोसच्या स्क्रीनवरच ठिपके नि रेघा दिसत असतील तर मात्र हार्डवेअरचा संशय खरा, कारण तिथे विंडोजचा ड्रायव्हर आलेलाच नसतो. ड्रायव्हर नुसता अडकला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, एक बीप येते आणि तो रीसेट होतो. फक्त काही जुन्या प्रोग्रामचीच अक्षरं धूसर दिसत असतील तर ते १२५ किंवा १५० टक्के स्केलिंगमुळे (विंडोजमध्ये सगळं मोठं दिसावं म्हणून असलेलं सेटिंग), त्यासाठी कोणाला बोलवायचीही गरज नाही.

आणि कार्ड खरोखरच बदलायची वेळ आली तर जुनं कार्ड घराबाहेर जाऊ देऊ नका, बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, ड्रायव्हर तुमच्यासमोर कंपनीच्या साइटवरून टाकायला लावा, आणि डीएक्सडायग नि जीपीयू-झेड दोन्ही उघडून बघितल्यावरच पैसे द्या. अस्सल कार्ड विकणाऱ्याला यात काहीच अडचण नसते. जो "नेटवरचा ड्रायव्हर नको, माझ्या पेनड्राइव्हवरचाच टाकू" म्हणेल त्याचं कार्ड तिथल्या तिथे काढायला लावा.