फोंड्यात बुद्धिबळाच्या ट्रॉफीला घोडा मिळाला

29 ऑगस्टच्या बक्षीस समारंभासाठी क्लबच्या ट्रॉफ्या या खेपेला फोंडा बाजारातल्या एका दुकानातून केल्या. एकच गाळा, पण माल दणकट. दुकानदार ट्रॉफी उलटी करून खालचा नट आपल्यालाच पिळून बघायला सांगतो. सोनेरी मुलामा नखाने खरवडून पाहिला, निघाला नाही. दरही वाजवी.

तक्रार आहे ती मूर्तींची. फुटबॉलवाले ढिगाने, क्रिकेटवाले त्याखालोखाल, बाकी सगळ्या खेळांना एकच चांदणी! फुटबॉलचं मान्य आहे. आपल्या गोव्याच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांना 1997 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, ब्रूनो कुतिन्होंना 2001 चा. पण आपल्याच भक्ती कुलकर्णीला 2022 चा अर्जुन बुद्धिबळासाठी मिळालाय की! देशातला पहिला खेलरत्न विश्वनाथन आनंदला, 2024 च्या खेलरत्नांत गुकेश. हे मी काउंटरवर ऐकवलं, तेव्हा स्वारी माळ्यावर चढली आणि शर्यतीचा घोडा घेऊन उतरली.

"मास्तर, घोडो चलतलो?"

वर जॉकी बसलेला. तो पेचकसने काढला, भोक बुजवलं. चलतलो म्हटलं.

अर्जुनाची मूर्तीही आहे त्यांच्याकडे. खऱ्या पुरस्कारातली कांस्याची असते, ही फायबरची, आणि धनुष्याची दोरी सुतळीएवढी जाड. ती नको. प्रशिक्षकाला द्यायची शिट्टीवाली मूर्ती मात्र सुरेख. फुटबॉल प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंना 2024 चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाल्यापासून हिला मागणी आहे म्हणे. विकणारा काहीही सांगेल.

पट्टीवर काय कोरायचं ते स्वतः लिहून द्या, नाहीतर सगळ्यांवर 'बेस्ट प्लेयर' येतं. अर्जुन पुरस्कारासाठी मागच्या चार वर्षांची कामगिरी बघतात. आपण निदान खेळ, वर्ष आणि पोराने काय केलं एवढं तरी लिहावं. लेझरचं कोरीवकाम स्वच्छ आहे, फक्त देवनागरीत जोडाक्षरं फुटतात. 'बुद्धिबळ'मधला द्‌ आणि धि वेगवेगळे आले होते. दाखवल्यावर पट्टी फुकट बदलून दिली, कुरकुर नाही.

बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा क्लबच्या खजिनदारांनी आठवणीने मागावं. आणि चतुर्थी जवळ असेल तर माल आधीच उचला, नंतर शटर कधी उघडेल त्याचा नेम नाही.