पोर्टफोलिओच्या नावाखाली गेलेले ५९,५०० रुपये

गेल्या दिवाळीआधी आईचा भिशीचा नंबर लागला. ५०,००० रुपये. त्यातून शिलाईचं नवं मशीन घ्यायचं ठरलं होतं. ते पैसे, आणि वर माझे शिकवणीचे साठवलेले, अंधेरीतल्या एका ऑफिसात गेले. मॉडेलिंगसाठी मुंबईला निघालेल्या मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितेय.

कॉलेजच्या साडी डेचे फोटो मी इन्स्टावर टाकले होते. दोन दिवसांत मेसेज आला, 'तुमचा चेहरा आमच्या एथनिक कॅटलॉगसाठी शॉर्टलिस्ट झालाय. उंची किती?' मी पाच फूट तीन इंच सांगितली. लगेच उत्तर, 'परफेक्ट, रॅम्पलाही चालेल.' मला तेव्हा ठाऊक नव्हतं की रॅम्पसाठी मुलींची उंची साधारण पाच फूट आठ इंचांच्या पुढे बघतात. कॅटलॉगला, जाहिरातींना, दागिन्यांच्या शूटला कमी उंची चालते. पण माझ्या उंचीच्या मुलीला कुणी रॅम्पचं गाजर दाखवत असेल तर तिथेच बोलणं थांबवा.

नाशिकहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून आई आणि मी दादरला उतरलो, तिथून लोकलनं अंधेरी. ऑफिस पश्चिमेला, गाळ्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. एसी, काचेचं टेबल, भिंतीवर मॉडेल्सचे मोठे फोटो. बाकावर माझ्यासारख्या सहा-सात मुली, कुणाबरोबर आई, कुणाबरोबर भाऊ. एवढे लोक आलेत म्हणजे खरंच असणार, असं आई हळूच म्हणाली. भिंतीवरच्या एका फोटोसमोर मी सेल्फी काढला होता. पुढे तो फोटो गूगलवर टाकून शोधला तेव्हा परदेशातल्या कपड्यांच्या दुकानाच्या वेबसाइटवर सापडला. हे शोधायला दोन मिनिटं लागतात. मी ते केलं पैसे गेल्यावर.

त्या दिवशी नोंदणीचे २,५०० घेतले. दहा दिवसांनी फोन आला, सिलेक्शन झालं. सुरतच्या पार्टीचं कुर्त्यांचं कॅटलॉग, चार दिवसांचं शूट, दिवसाला १५,०००. फक्त पार्टीला दाखवायला पोर्टफोलिओ, म्हणजे मॉडेलच्या निवडक फोटोंचा संच, हवा, तोही त्यांच्याच फोटोग्राफरकडून, ४५,००० रुपये. आईनं गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या मापाच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला: पंचेचाळीस जाणार, साठ येणार. ती चिठ्ठी अजून मशीनच्या खणात आहे.

पोर्टफोलिओचं शूट दीड तासात उरकलं. तीन ड्रेस, तिन्ही मापाला मोठे, म्हणून पाठीमागे चिमटे लावलेले. मेकअपवाली सगळ्या मुलींना एकच स्पंज फिरवत होती. पैसे यूपीआयनं दिले, पण स्क्रीनवर नाव एजन्सीचं आलं नाही, कुणा माणसाचं आलं. विचारलं तर 'हमारे अकाउंटंट हैं, बेटा.' पावतीवर जीएसटी नंबर नव्हता आणि खाली बारीक इंग्रजीत 'नॉन रिफंडेबल' छापलेलं. करार म्हणून साध्या कागदावर माझी सही घेतली, त्याची प्रत मला दिली नाही.

मग 'आर्टिस्ट कार्ड'चे १२,०००, त्याशिवाय म्हणे सेटवर सोडत नाहीत. कॅटलॉगच्या शूटला असलं कुठलंही कार्ड लागत नाही. पण एवढे दिलेत तर आता थोड्यासाठी काम कशाला घालवायचं, असं वाटतं. प्रत्येक वेळी ते आधी दिलेल्या पैशांचीच भीती घालतात. याच काळात त्यांनी व्हॉट्सॲपवर 'बॉडी टेस्ट'साठी कमी कपड्यांतले फोटो मागितले. मी पाठवले नाहीत, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानते. कुणीही पाठवू नका, पुढे त्याच फोटोंवरून धमकावतात.

शूट तीनदा पुढे गेलं. मग फोन बंद. आम्ही पुन्हा अंधेरी गाठली, तर त्या दारावर क्लासची पाटी होती.

नंतर नाशिकच्याच एका फोटोग्राफरदादांनी मला धंदा समजावून सांगितला. खरी एजन्सी आधी फक्त साधे फोटो मागते. खिडकीच्या उजेडात मोबाईलवर काढलेले, मेकअप नाही, केस बांधलेले, अंगासरशी साधे कपडे. समोरून, बाजूनं, पूर्ण उंचीचा. सोबत उंची आणि मापं. पसंत पडलात तर काम मिळवून देते आणि तुमच्या मानधनातून आपलं कमिशन कापते. म्हणजे तुम्ही कमावल्याशिवाय तिला काही मिळत नाही. माझ्याकडून ५९,५०० घेतल्यावर त्या लोकांना मला काम देण्याची गरजच उरली नव्हती. पोर्टफोलिओ लागतो, पण फोटोग्राफर आपण निवडायचा. नवीन फोटोग्राफरही आपल्या कामासाठी मॉडेल शोधत असतात. त्यांच्याबरोबर पैसे न देता-घेता फोटो करून घेता येतात. एजन्सीशी करार करताना कमिशन किती, फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, दुसरीकडे काम करता येईल का, हे लेखी हवं. आणि एजन्सीच्या मॉडेल्सना थेट मेसेज करून विचारा, काम मिळालं का, पैसे वेळेवर आले का. मी एकीलाही विचारलं नव्हतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनला मी पाच आठवड्यांनी फोन केला. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझे केव्हाच काढून घेतलेले होते. गुन्हा मुंबईत घडला असला तरी झिरो एफआयआर आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. त्यासाठी अंधेरीला खेटे घालावे लागत नाहीत. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, पावती, सगळं जपून ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसू नका. मी निम्मं पुसलं होतं.

पैसे अजून मिळालेले नाहीत. आई जुन्याच मशीनवर शिवते.

गेल्या महिन्यात सिन्नरच्या माझ्या मावसबहिणीनं एक मेसेज मला पुढे पाठवला. 'तुमचा चेहरा आमच्या एथनिक कॅटलॉगसाठी शॉर्टलिस्ट झालाय. उंची किती?' नंबर नवा होता. खाली तिनं लिहिलं होतं, 'ताई, शनिवारी बोलावलंय, जाऊ का?' मी तिला मेसेज केला नाही, सरळ फोन लावला आणि आईच्या हातात दिला.